नातवाची दोरी कोण कापणार?

कझाकस्तानातल्या कारागंदाच्या कॅन्सर इस्पितळात आम्ही इंटरल्यूकिनच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनसाठी बसलो होतो. पुढच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची बायको.

"परवाच्या डोसनंतर काय ताप चढला! पलंग खडखडत होता."

"घरातली सगळी पांघरुणं घातली तरी तुमचे दात वाजत होते. त्यात मिरवण्यासारखं काय आहे?"

"अंगातली फौज जागी झालीय, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. माझ्याबरोबर टोचून घेणाऱ्या त्या बोलात नावाच्या गड्याला साधी कणकणसुद्धा आली नाही."

"हिणवू नका बिचाऱ्याला."

"आज सांगतोच त्यांना, पुढच्या आठवड्यात सुट्टी नको. सलग टोचा."

"खबरदार! मधे विसावा नसला तर रक्तदाब पार खाली जातो, किडन्या थकतात. आणि पुढच्या आठवड्यातच नातवाच्या पायांची दोरी कापायचीय. चालायला लागला ना तो, रीतीप्रमाणे पायांत बांधलेली दोरी कापल्याशिवाय पाऊल मोकळं कसं होणार?"

"मारझान सूनबाईनं आपल्या गल्लीतल्या पैलवानाला बोलावलं असेल. कापणाऱ्याची चाल पोराला लागते म्हणून."

"नाही बोलावलं."

"मग हेडमास्तर?"

"सूनबाईनं तुमचं नाव सांगितलंय."

"माझं? भिंत धरून चालणाऱ्याचं? डोकं फिरलंय तिचं!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, 'आई, ताप उतरला की बाबा भिंत धरून का होईना, स्वतः उठून चहा ठेवतात. माझ्या पोराला तीच चाल लागू दे.'"

मग आतून नर्सनं हाक मारली, "सेइलखान आजोबा!"

"थांबा, हात देते."

"नको, उठतो मी. तू घरी गेल्यावर कात्रीला धार लावून ठेव."