इंजिनाची उष्णता

मला नीट आठवतंय की नाही, शंकाच आहे; फडकं पंच्याचं होतं की जुन्या धोतराचं, तेही सांगता येणार नाही. पण नाशिकच्या घरी, अंगणात मी स्वतः मोटारीचं इंजिन जुळवत होतो, एवढं नक्की. पेट्रोल पेटवणारी ठिणगी लवकर पाडली की चढावर इंजिन ठकठक वाजे. उशिरा पाडली की गाडी चढतच नसे.

"आज पांडवलेण्यांकडचा चढ ही मुकाट्याने चढली नाही, तर उद्या विकतो," नानांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं.

आईने बॉनेटवर हात ठेवला. "अरे, हिला उष्णता झालीय. श्वास कुठून घेते ही?"

मी कार्ब्युरेटरचं तोंड दाखवलं. तिने त्यावर ओलं फडकं बांधलं.

"आई, असं पुस्तकात कुठेच नाही!"

"एम.एस्सी. झालास, आणि साधा ताप ओळखता येईना?"

संध्याकाळी आम्हा तिघांना घेऊन गाडी चुपचाप चढ चढली. नाना खूश. "शाबास! शिक्षण वाया नाही गेलं."

मागच्या सीटवर आई खोकली. शाबासकी मी खुशाल घेतली.

पुढे कितीतरी वर्षांनी ग्रंथालयात जाऊन खात्री करून घेतली: ओलसर हवा आत गेली की इंजिनाची ठकठक खरोखरच कमी होते.