पदराआडची माय

एआयच्या चित्रांवरून भांडून राह्यले ना, मग माझ्या मायचं ऐका. माय लवकर गेली, फोटो एकही नाई. नालवाडीचा पाट्या रंगवणारा पेंटर घरी आला आन् दिवसभर मावशीले विचारत बसला, “हसताना पदर कसा धरे?” त्यानं तोंडावर पदर धरून हसणारी माय काढली. चाळीस वर्षं तीच भिंतीवर आहे.

परवा पोरीनं त्यावरून मोबाईलवर नवी आजी बनवली. पदर गायब, दात चकचकीत.

“फ्रेममधे हेच लावू, बाबा. पेंटरनं तरी आजीले कुठं पाह्यलं होतं?”

तिनं मोबाईल मावशीसमोर धरला. मावशीनं चष्मा लावून निरखून पाह्यलं.

“पोरगी चांगली हाय,” मावशी म्हणे. “कोणासाठी पाहून राह्यले?”