मत्सरी माणसाचा अभिप्राय

मंडळी, ऐका! महिन्यापूर्वी मला एक पत्र आलं. पुण्याहून. जाड पाकीट, छापील पत्ता, खाली झोकदार सही. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून पोथ्यांच्या कपाटात ठेवलं, आणि उत्तर दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, बुवांचं वय झालं, विसरले असतील. नाही हो! एक दिवस विसरलो नाही. उत्तर चार ओळींचं होतं. शाई होती, कागद होता, वेळ तर माझ्याकडे भरपूर! मग का नाही दिलं?

तोच आजचा प्रश्न. दुसऱ्याचं भलं आपल्या एका शब्दावर अडलेलं असतं, तेव्हा तो शब्द तोंडातून निघता निघत का नाही?

सहा शत्रू सांगितलेत माणसाला. काम, क्रोध, लोभ, मोह, मद – आणि शेवटी मत्सर. शेवटी आला म्हणून धाकटा समजू नका! पंगतीत शेवटी बसणारा पातेलं खरवडूनच उठतो!

आज आख्यान पुराणातलं नाही. पुराणातलं मला सोपं पडतं. तिथं चुकलेला राजा असतो, मी नसतो. आज राजा नाही. बापू, पेटीचा सूर तेवढा धरून ठेवा. माझा आवाज अडखळला तर झाकायला होईल.

तर पत्र होतं एका विश्वस्त संस्थेचं. गावोगावी लोकशाही रुजवणारे जे गट असतात, त्यांना ही संस्था अनुदान देते. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या वेळंबी गावातील "पहिली सभा" या महिला गटाचा अर्ज आला आहे. गटाबाहेरच्या दोन जाणत्या व्यक्तींचा अभिप्राय आल्याशिवाय आम्ही अर्ज पुढे घेत नाही. गटप्रमुख सुलक्षणा मांडवकर यांनी आपले नाव दिले आहे. दहा मेच्या आत कळवावे.'

सुलक्षणा कोण? आमच्या खालच्या वाडीची सून. शिलाई मशीन चालवते. मी वाचनालयात ग्रंथपाल होतो तेव्हा पुस्तकं न्यायला यायची. परत करायची ती मात्र पावसाळा उलटल्यावर!

आणि मी कोण? वेळंबीत एकोणीस वर्षं लोकजागृती व्याख्यानमाला चालवणारा मनुष्य! 'नागरिकाचे हक्क', 'मताचे मोल', 'बोलण्याचे स्वातंत्र्य' – सगळं अभ्यास करून, टिपणं काढून. श्रोते किती? भरभरून अकरा! त्यातला एक शिपाई, दिवे मालवायला थांबलेला. एक आमचे मेव्हणे – ते घोरायचे, पण हजर असायचे.

दोन वर्षांपूर्वी याच संस्थेकडे मीही अर्ज केला होता. त्यात एक रकाना होता, 'या कामातून काय फळ मिळेल?' मी कीर्तनकार माणूस! झोकात लिहून दिलं, 'फळाची अपेक्षा न धरता हे काम चालते.' त्यांनी माझं म्हणणं अक्षरशः मान्य केलं – फळ दिलं नाही!

हसता काय? मी नाही हसलो त्या दिवशी.

आणि आता तीच संस्था मलाच विचारते, की या बाईला देऊ का? मंडळी! जिनं माझी पुस्तकं दुमडून परत केली, ती लोकशाही शिकवणार? आणि शिफारस कोण करणार? मी!

लिहायला बसलो नाही असं नाही. पहिला कागद, 'काम बरे आहे, पण अभ्यासाची बैठक नाही.' फाडला. दुसरा, 'बाई कष्टाळू आहेत, पण अनुदानाचा भार पेलेल का, याची शंका वाटते.' शंका! केवढा सभ्य शब्द! मत्सराला धोतर नेसवलं की त्याची शंका होते. तोही फाडला. मग ठरवलं, प्रत्यक्ष जाऊन बघू. दोष दिसला की खरं तेच लिहिलं असं होईल. मन कसं वकील असतं बघा!

एक मेला आमची ग्रामसभा असते. आता ग्रामसभेची एक गंमत ऐका. सभा भरायला शंभर माणसं लागतात. अर्धा तास वाट बघायची, नाही जमली तर सभा तहकूब. पुन्हा जी तहकूब सभा भरते, तिला शंभराची अट नाही! मग काय? पहिली सभा मुद्दाम पडू द्यायची. पुढच्या आठवड्यात सात जण फणसाखाली बसणार, सुपारी कातरणार, आणि साऱ्या गावाचं ठरवून उठणार. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच. म्हणून सुलक्षणाच्या गटाचं नाव, 'पहिली सभा'. काम एकच – पहिली सभा पडू द्यायची नाही.

मी गेलो. शाळेच्या पटांगणात पाऊल ठेवलं आणि बघतो तर सतरंज्या पुरत नव्हत्या! बाया चपला अंगाखाली घेऊन बसलेल्या. ग्रामसेवक सह्या घेऊन घेऊन घामाघूम. सरपंच घड्याळ बघत होते – पण ते आता काय कामाचं?

माझ्याकडे लक्ष गेलं तसे सरपंच म्हणाले, "अरे वा, बुवा! या, या. बसा."

मी बसलो. पुढच्या खुर्चीवर. लगेच.

सभा सुरू झाली. नळाची लाइन वरच्या आळीपर्यंतच न्यायची, असा ठराव वाचला. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. पार्वती गोवळकर. सत्तरीची, पदर खोचलेला.

"सरपंचानू, आमच्या वाडीचा काय?"

"आजी, पुढच्या टप्प्यात बघू. बसा."

"मागच्या टप्प्यातपन ह्येच बोललास. काय ता आज सांग."

"अहो, हे तांत्रिक असतं, तुम्हाला नाही कळायचं. बसा तुम्ही."

"नाय कळला तर सांग ना. मी हाय उभी."

"बसा म्हणतो ना!"

"बसान ना बाबा. आधी लिव."

मंडळी, तीन वेळा बसा म्हटलं, म्हातारी बसली नाही! मग तिच्या शेजारची उठली. मग तिच्यापलीकडची. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी घोषणा दिली नाही. नुसत्या उभ्या! आणि ठरावात खालच्या वाडीचं नाव चढलं, तेव्हाच खाली टेकल्या.

मला काय वाटलं? आनंद? छे! मला वाटलं, हे नक्की माझ्या व्याख्यानातून आलं असणार! 'बोलण्याचे स्वातंत्र्य', सहावं पुष्प! सभा सुटल्यावर म्हातारीला गाठलं. "आजी, माझं भाषण ऐकायला आला होतात ना तुम्ही कधीतरी?"

"कसला भाषान?"

"वाचनालयात. दर वर्षी असायचं."

"नाय बा. आमी तालीम केली. सुलक्षणेच्या अंगनात. ती सरपंच व्हायची, डोकीवर टोपी घालून. आनी आमच्यावर वराडायची, बसा, बसा! जी बसंल ती बाद. मी पयल्या दिवशी चारदा बाद झालंय!" आणि असं हसली, की मला तिच्याजवळ उभं राहवेना.

एकोणीस वर्षं मी शिकवलं, बोला! हिनं शिकवलं एवढंच, की बसू नका. आणि मला 'बसा' म्हटल्याबरोबर बसलो कोण? मीच!

फाटकाशी सुलक्षणा भेटली. "बुवा, पुण्याचं पत्र पोचलं ना?"

मी म्हटलं, "डोळ्यांचा त्रास आहे गं हल्ली. वाचायचं राहिलंय."

खोटं! देवळात उभा राहून सांगतो, धडधडीत खोटं!

ती म्हणाली, "दुसऱ्या जाणत्याचं पत्र गेलंय त्यांना. तुमचंच राहिलंय. नाही गेलं तर फाईल बंद करणार म्हणे. गटातल्या दोघी पोरी बायांना सभेला बोलवत सात वाड्या फिरतात, वर्षभर फुकट. अनुदान आलं तर मानधन मिळेल. नाही तर जूनमध्ये चिपळूणला दुकानात लागतील, त्यांच्याही घरी चूल आहे. मग पुढची सभा पडलीच म्हणून समजा."

मी विचारलं, "माझंच नाव का दिलंस?"

"खोटं लिहिणार नाही तुम्ही, म्हणून."

बापू, सूर... हां.

घरी आलो. कपाट उघडलं. कागद घेतला. शिफारशीची भाषा जमेना. शेवटी होतं तसं लिहिलं. 'मी या गटाची एक सभा पाहिली. एकोणीस वर्षांत मला जे जमले नाही ते यांनी करून दाखवले. त्यात माझा काहीही वाटा नाही. मला सौ. मांडवकर यांचा मत्सर वाटतो. तेव्हा मी केलेली स्तुती खरी मानण्यास हरकत नसावी. अनुदान द्यावे.'

आता तुमच्याकडे वळतो. हळूच मागं सरकू नका! तुम्हाला पुण्याहून पत्र येत नसेल, पण कोणीतरी विचारतंच – अमक्याची मुलगी कशी आहे? तमक्याचा धंदा कसा आहे? शेजारच्याला कामावर ठेवू का? आणि तुम्ही काय म्हणता? "चांगला आहे हो... पण." त्या 'पण'वर कुणाकुणाचा संसार अडलाय, कधी पाहिलंत? वाईट बोलायला धैर्य लागतं. गप्प बसायला काही लागत नाही, म्हणून आपण सज्जन माणसं गप्प बसून मारतो! मत्सर जाईल तेव्हा चांगलं बोलू म्हणाल, तर तो जायचा नाही. माझा गेलेला नाही. आत्ता, या घटकेलाही इथं आहे. तो असतानाच बोलायचं असतं.

आज आठ तारीख. इकडे येताना सकाळी पोस्टात गेलो, पाकीट खिडकीतून आत सरकवलं. साधं टपाल नाही, चांगलं स्पीड पोस्ट. दोन पायऱ्या उतरलो आणि पुन्हा चढलो.

"अहो, ते पाकीट जरा परत द्याल? एक ओळ खोडायची राहिली."

"कुठली ओळ, बुवा?"

आता काय सांगू त्यांना, 'माझा काहीही वाटा नाही' ही?

"शिक्का मारला, बुवा," पोस्टमास्तर म्हणाले. "थैलीत गेलं."