पट्टी सोडल्याचा निरोप

नाव ओळखपत्राप्रमाणे. वय २२ वर्षे, धंदा लाकडी दरवाजांच्या कारखान्यात मशीनवर कामगार, शिक्षण सातवी नापास, राहणार कारखान्यामागच्या खोल्यांपैकी चार नंबर.

समक्ष ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील खोलीत मी व माझे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे नवरे, असे दोघे दोन वर्षांपासून राहतो. मला या कामावर त्यांनीच आणलं. मला कोणी बोलावलेलं नाही, आपण होऊन आलो आहे.

मला विजेच्या वस्तू जोडायचा नाद आहे. मोबाईलवर बघून शिकलो. माझ्याकडे वाजवायचा जुना कीबोर्ड आहे. त्यातून मिडीची वायर निघते. तिच्यातून आवाज जात नाही, नुसता निरोप जातो, की ही पट्टी दाबली, ही पट्टी सोडली. तो निरोप घेऊन वस्तू चालू-बंद करणारी पेटी मी बनवली. आधी खोलीतला बल्ब जोडला. पट्टी दाबलेली असताना वायर निघाली तर बल्ब पेटलेलाच राहायचा, कारण सोडल्याचा निरोप पोचत नाही. दाजी म्हणायचे, "तुझा बल्ब माझ्यासारखाच आहे, सासरी आला की हलायचं नाव नाही." म्हणजे ही गोष्ट मला माहीत होती.

रविवारी कारखाना बंद असतो. साफसफाईची किल्ली दाजींकडे असते. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघे आत गेलो. त्यांची मुलगी पाच वर्षांची होणार आहे. तिला मशीनचा बँड वाजवून व्हिडिओ पाठवायचा होता. भुसा ओढणारा पंखा, ड्रिल आणि फळ्या दाबून धरणारा, हवेवर चालणारा प्रेस मी पेटीला जोडला. प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय तो खाली येत नाही. त्या बटणांच्या वायरी मीच काढल्या.

मी वाजवत होतो. दर आठ मात्रांनी प्रेस फळीवर आपटायचा. फळी सरकली म्हणून दाजी ती सरळ करायला गेले. मी म्हणालो, "दाजी, थांबवतो." ते म्हणाले, "वाजव रे इंजिनियर, आठ मात्रांत मी चहा पिऊन येतो." मी वाजवत राहिलो. प्रेस त्यांच्या उजव्या हातावर आला.

तेव्हा माझं बोट पट्टीवरच होतं. दुसऱ्या हाताने मी मिडीची वायर उपटली. मग बोट उचललं. निरोप गेला नाही. प्रेस बसून राहिला. नुसतं बोट उचललं असतं तरी तो वर गेला असता. पेटीचा प्लग काढला असता तरी गेला असता. मी हवेचा कॉक बंद करायला मागे धावलो, तो घट्ट होता. व्हिडिओ बघून सांगतो, प्रेस वर जायला एक मिनिट वीस सेकंद लागले. मोबाईल आज ठाण्यात जमा केला आहे. त्याच हाताचं दुसरं बोट पंख्याच्या पट्टीवर होतं, म्हणून पंखाही चालूच राहिला होता, त्यामुळे व्हिडिओत दाजींचा आवाज येत नाही.

दवाखान्यात चार बोटं काढली. अंगठा आहे.

सोमवारी दाजींनी जबाब दिला की पेटी त्यांची, ते एकटेच होते आणि मी खोलीवर झोपलो होतो. त्यावरून मालकांनी त्यांना कामावरून काढलं व त्यांच्यावर तक्रार दिली. मी त्यांना विचारलं, असं का सांगितलं. ते म्हणाले, "माझा हात गेलाच आहे. तुझे दोन्ही आहेत. गप कामावर जा." मंगळवारी मी कामावर गेलो. मला त्याच प्रेसवर लावलं. बटणं परत जोडलेली आहेत. मी पूर्ण पाळी केली.

ताईचे फोन येतात. हात मशीनमध्ये सापडला एवढंच तिला माहीत आहे. तू कुठे होतास, असं ती विचारते. मी सांगितलेलं नाही.

पेटी माझी आहे. वाजवत मी होतो. तक्रार माझ्यावर घ्यावी.

लिहिलेलं हवालदारांनी मला वाचून दाखवलं. त्यात 'माझे दाजी खोटं बोलले' अशी एक ओळ होती, ती मी खोडायला लावली. तिच्या जागी काय लिहायचं असं त्यांनी विचारलं. ती जागा कोरी आहे. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे आणि बरोबर आहे. सही केली.