सुगतचा थेंब

(नांदेड. प्रयोगशाळेतली थंड ठेवलेली खोली, बाहेर उन्हाळ्याची दुपार. टेबलावर सूक्ष्मदर्शक. पंचशीला नुकतीच आत आलीय. तिची आई सरजाबाई स्टुलावर बसलेली, मांडीवर पाण्याची बाटली.)

पंचशीला : तू कशाला हात लावला नाहीस ना, आई? खरं सांग.

सरजाबाई : आल्या आल्या काय फौजदारावानी इचारून राहिली? बस की आदी. तोंड बघ कसं वाळलंय उन्हानं.

पंचशीला : थेंबावरची ही काच सरकलीय. कडेचं ग्रीस निघालंय.

सरजाबाई : तुझ्या काचा खाल्ल्या न्हाईत म्या. भाईर आग हाय, हितं बस म्हनलीस, बसले.

पंचशीला : सकाळी यात तुला काय दाखवलं होतं?

सरजाबाई : आपला सुगत.

पंचशीला : सुगत नाही गं. सुगतच्या रक्तातलं प्रोटीन. त्याचा खडा धरला होता, स्फटिक, तो दाखवला.

सरजाबाई : लाल, इत्तुसा. डाळिंबाच्या दाण्यावानी. तूच म्हनलीस, बघ तुझं लेकरू.

पंचशीला : म्हटलं, आणि तिथंच चुकले. उद्या तो खडा इंदूरला न्यायचा होता, मोठ्या मशीनवर. त्यातून किरण सोडले की आत कुठं काय वाकडं आहे ते कळतं. सिकलसेलचा आजार पुष्कळांना असतो, पण आपल्या सुगतचा दोष निराळाच होता. अजून दुसऱ्या कुणात सापडला नाही. रक्त दिलं तेव्हा काय म्हणाला होता तो?

सरजाबाई : "आक्के, माझा आतून फोटू काढ. भाईरून तर मी देखना हावच." लई वात्रट बेनं.

पंचशीला : त्याचं रक्त आता मी कुठून आणू, आई? हाच शेवटचा थेंब होता. बाकीच्या थेंबांत खडा धरलाच नाही.

सरजाबाई : व्हता म्हंजे?

पंचशीला : इथं काहीच दिसत नाही. नुसतं फिकट लाल पाणी. तू पाणी घातलंस का यात?

सरजाबाई : (बाटली पदराआड घेते.)

पंचशीला : आई.

सरजाबाई : बाटलीत बोट बुडवलं आन् एक थेंब सोडला. तूच म्हनलीस न्हाई का, थेंब रोज आटून राहिला म्हून?

पंचशीला : अगं, आटायलाच पाहिजे! पाणी हळूहळू उडालं की त्यातनं खडा उभा राहतो. पाणी घातलं की विरघळून जातो. टेबलाला कुणाचा धक्का लागू दिला नाही मी. लाईट गेली की जीव मुठीत धरून बसायचे. आणि तू एका बोटानं… अडाणी ती अडाणीच!

सरजाबाई : बोल. अजून बोल. आडाणीच हाय मी. मला वाटलं, आटलं म्हंजे मरतंय. आमच्याकडं तर आसंच हाय, बाय. हीर आटली, म्हस गेली. आन् डॉक्टर काय म्हनला व्हता सुगतला? लई पानी पी. पानी कमी पडलं की तुझं रक्त आडतंय. औंदा घागरभर पानी दिसंना. माझ्या वाट्याचं त्याच्या तांब्यात वतायची मी, तर त्यो शेरडाला पाजायचा, मेला.

पंचशीला : मला का नाही सांगितलं?

सरजाबाई : तू काय पानी पाठविणार व्हतीस? त्या दिवशी टँकर यायचा व्हता. नवा जिल्हा करा म्हून पोरांनी अहमदपूरच्या रस्त्यावर टायरं जाळली, टँकर तिकडंच आडला. मी पान्याच्या वळीत उभी, टळटळीत उनात. हिकडं सुगतचं आंग मोडून आलं, शेजाऱ्यांनी जीपीत घालून लातूरला नेला. निरोप आला तशी घागर तिथंच टाकून पळाले गं. पोचले तर तोंड झाकल्यालं.

पंचशीला : आई, पुरे.

सरजाबाई : मरताना वैऱ्याच्याबी तोंडात पानी घालतेत. माझ्या लेकराला घोटभर मिळालं न्हाई. नर्स म्हनली, सलाईन लावलं व्हतं. सलाईन काय माईच्या हातचं पानी हाय का? आन् आज तू म्हनलीस, बघ तुझं लेकरू. बघितलं. एवढ्याशा पान्यात बसल्यालं, आन् ते बी आटून राहिल्यालं. तू भाईर गेलीस. मला ऱ्हावलं न्हाई.

पंचशीला : …रडू नको.

सरजाबाई : मी कुठं? तूच रडून राहिली. पुन्ना व्हईल का गं त्यो खडा? मी हितंच बसते, हात बांधून.

पंचशीला : नाही व्हायचा आता. सगळं मिसळलं.

सरजाबाई : तुझे सर रागं भरतील?

पंचशीला : भरू दे.

सरजाबाई : तुझी सारी मेहनत मातीत घातली म्या. …एक इचारू? खवळू नको.

पंचशीला : विचार.

सरजाबाई : त्या दुर्बिणीत आजून एकडाव बघ.

पंचशीला : काय बघू आता?

सरजाबाई : पानी पिला का त्यानं?

पंचशीला : …हाव, माय. सगळं पिला.