आलोच

(बाथरूमचं बंद दार. निवृत्त हेडमास्तर आत, बाकीचं जग बाहेर.)

हेडमास्तर : एक लक्षात ठेव, गेलेला क्षण ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही.

बायको : ठेवलं. निखळलेलं हँडल परत बसतंय का, तेवढं बघा.

हेडमास्तर : नाही बसत. स्क्रू कुठेतरी घरंगळला. सुतार काय म्हणाला?

बायको : आलोच म्हणाला.

हेडमास्तर : संपलं. ‘आलोच’ म्हणजे अजून अंथरुणात. ‘निघालोच’ म्हणजे दात घासतोय. ‘पोचलोच’ म्हणाला असता, तर निदान चपला तरी घातल्या असत्या.

बायको : पण आजच त्या दाराला हात लावायची अवदसा कुठून आठवली? पोरगी चाललीये परदेशी, परस्पर विमानतळावर पोचून वाट बघत असेल. आता दोन-तीन वर्षं तोंड दिसायचं नाही. आणि तिला सोडायला जाणारा बाप बाथरूममध्ये.

हेडमास्तर : कडी अडकते, कडी अडकते, ही कटकट कुणाची? मी आज दोन तास आधीच तयार होऊन बसलो होतो. म्हटलं, रिकामा वेळ सत्कारणी लावू.

बायको : लागला.

हेडमास्तर : टोमणे मागाहून मार. वाजले किती?

बायको : मनगटावर घड्याळ आहे ना?

हेडमास्तर : आहे. दिसत नाही.

बायको : चष्मा?

हेडमास्तर : नाकावर आहे. अगं, वेळ सांग.

बायको : नाही सांगत. ऐकून काय भिंतीतून जाणार आहात?

हेडमास्तर : जन्मात कधी, कुठे उशिरा गेलो नाही गं मी.

बायको : मला सांगताय? लग्नाला इतके आधी आलात, की हॉलवाल्याने तुम्हाला खुर्च्या मांडायला लावल्या. आमचे काका तुमच्याकडे पाणी मागत होते.

हेडमास्तर : दिलंही होतं मी. बेल वाजली का?

बायको : सुतार आला वाटतं.

हेडमास्तर : शक्यच नाही. ‘आलोच’ म्हणणारा इतक्यात?

मुलगी : बाबा, मी आहे.

हेडमास्तर : तू? इथे काय करतेस? विमान चुकेल.

मुलगी : ते कसलं चुकतंय. पाच तास उशिरा सुटणार आहे. म्हटलं, तिथे बाकड्यावर बसण्यापेक्षा घरी यावं. आईचा फोन आला तेव्हा मी निम्म्या रस्त्यात होते.

हेडमास्तर : मग आधी कळवायचं नाही?

मुलगी : कळवलं असतं, तर तुम्ही विमान कंपनीला तक्रार लिहायला बसला असतात.

हेडमास्तर : आज नसती लिहिली.

बायको : काय बाई ऐकतेय मी.

मुलगी : बाबा, एक विचारू? कॉलेजला असताना दर सुट्टीनंतर मला सोडायला यायचात. गाडी लागायच्या आधी हजर. सामान चढवायचात, खिडकी मिळवून द्यायचात, आणि गाडी हलायच्या आत गायब. म्हणायचात, कामाला उशीर होतोय.

हेडमास्तर : हं.

मुलगी : सुट्टीच्या दिवशी तुम्हाला कसलं हो काम असायचं?

हेडमास्तर : काही नसायचं.

मुलगी : मग?

हेडमास्तर : हललेली गाडी बघवायची नाही.

बायको : मला तर सांगायचात, येताना भाजी घ्यायची होती म्हणून लवकर निघालो.

हेडमास्तर : भाजीही आणायचो.

बायको : जून भेंडी. एकदा तर दोन किलो. आत्ता उलगडा झाला.

मुलगी : आज मात्र पळता यायचं नाही तुम्हाला. मी इथे दाराला टेकून बसलेय.

हेडमास्तर : मी बादली पालथी घालून बसलोय. तू बोल.

बायको : अहो, सुतार खाली आलाय. फोनवर विचारतोय, वर येऊ का?

हेडमास्तर : आला? इतक्या लवकर? या लोकांना वेळेचं काही भानच नाही. त्याला म्हणावं, खालीच थांब जरा. आम्ही आलोच.

बायको : म्हणजे अंथरुणात?

हेडमास्तर : तू गप्प बस. बाळ, बोल गं तू. कुठे राहणार, खाणार काय, खोलीला खिडकी आहे का, सगळं नीट सांग. आणि त्याआधी एक कर. बाहेर दिव्याचं बटण आहे बघ, तेवढं लाव. तुझ्या आईने जाता-येता सवयीने बंद केलंय. मघापासून अंधारात बसलोय.