बयाजीचा नारळ

ऐका. अन् त्यो कंदील जरा बारीक करा, डोळ्यावर येतोय.

लढाई पेटली व्हती तवाची गोष्ट. आपल्या गावात घरटी एक पोरगा फौजेत. सुट्टीवर आला की वेशीवर नारळ ओवाळायचा, त्याच्या पायाम्होरं फोडायचा, मगच त्यानं आत यायचं. रीतच ती. तर हैबतीचा धाकटा भाऊ बयाजी सरहद्दीवर पडला. तार आली. पण मयत काय आलं न्हाई, म्हणून आई मानंना. रडली बी न्हाई. रोज सांजच्याला हैबतीच्या हातात नारळ द्यायची. "जा, शेवटच्या यष्टीनं येईल माझा बया."

बिचारा जायचा. खिंडीपल्याड यष्टी बघायचा अन् नारळ घेऊन परत. गावात कुणी हसलं न्हाई त्याला. कसं हसंल? समद्यांच्याच घरात तारंची धास्ती.

त्या दिशी यष्टी उशिरा आली. अर्धंमुर्धं चांदणं. हैबती खिंडीत शिरला अन् मागं बूट वाजले. खाड खाड. थांबला, बूट थांबले. चालला, पुन्हा खाड खाड. मग इडीच्या धुराचा वास. मग हाक, "दादा, वाईच थांब की."

अवो, पळावं का न्हाई माणसानं? पण भावाची हाक ती. वळला. समोर बयाजी! अंगात वर्दी, खांद्यावर ट्रंक. "दादा, ह्या अंगानं चल, जवळ पडंल. आई वाट बघत असंल."

अन् निघाला म्होरं. हैबती त्याच्या मागं. तार इसरला, समदं इसरला. एवढा आनंद झाला गड्याला, की वेशीपतूर दम निघंना. म्हणला, "उभा ऱ्हा, आधी नारळ." ओवाळला अन् आपटला त्याच्या पायाम्होरं.

आवाजच न्हाई.

मग लांब, पार खाली दरीत, फट्!

म्होरं भुईच नव्हती. कडा व्हता. अन् बयाजी त्याच्या पल्याड, वाऱ्यावर उभा. "ये की दादा."

हैबती जो पळाला, तो घरच्या उंबऱ्यातच पडला. आईनं त्याचे हात बघितले. मोकळे.

"फोडलास? कुठाय माझा बया?"

"आला व्हता, आई. खिंडीतनंच गेला."

तवा कुठं माऊलीनं हंबरडा फोडला. समदी आळी धावली, उजाडंपतूर तिला धरून बसली.

म्हणून सांगतो, दिवेलागणीनंतर खिंडीच्या वाटंनं जाऊ नगा. भुताचं भ्या न्हाई मला. पण हितं बसलेल्या हरेकाचं कुणी ना कुणी गेलंय. आपलंच माणूस हाक मारतं, अन् जावंसं वाटतं.